घरच्या पडद्यावरचा मराठी सिनेमा

मराठी सिनेमाचा इतिहास आजवर बहुतेक पुणे, मुंबई आणि कोल्हापूर इथून लिहिला गेला. ते साहजिकच आहे. सिनेमे तिथेच तयार झाले आणि तिथेच चालले. 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंद टॉकीजला १३१ आठवडे चालला, ही नोंद हमखास वाचायला मिळते. पण हेच सिनेमे बृहन्महाराष्ट्रातल्या मराठी घरांत कधी आणि कसे पोहोचले, कोणी पाहिले, पाहून काय म्हटलं, हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी मराठी सिनेमा टॉकीजमध्ये पाहिलाच नाही. घरच्या टीव्हीवर पाहिला. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत आमच्या घरापुरता तो इतिहास मांडावा असं वाटलं. मी समीक्षक नाही. पाटबंधाऱ्याच्या खात्यात उपयंत्री आहे. तेव्हा ही मतं एका घरबसल्या प्रेक्षकाची आणि त्याच्या घरच्यांची आहेत, असं समजून वाचावं.

बाबांच्या लहानपणी इंदुरात मराठी सिनेमा पाहण्याचे मार्ग दोनच होते. एखाद्या टॉकीजला रविवारी सकाळचा खेळ लागे, किंवा गणपतीत मंडपापुढे पांढरी चादर बांधून प्रोजेक्टरवर सिनेमा दाखवला जाई. चादरीच्या मागच्या बाजूला बसणाऱ्या मुलांना चित्र उलटं दिसे, तरी तिथेही जागा मिळायची मारामार, असं बाबा सांगायचे. माझ्या आठवणीतला सिनेमा मात्र टीव्हीचाच. इंदिराजी गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १९८५ मध्ये, आमच्याकडे लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला. गच्चीवर अँटेना, आणि ती फिरवायला मी. खालून आई ओरडायची, "आलं, आलं... गेलं!"

त्या काळी रविवारी दुपारी दूरदर्शनवर मूकबधिरांसाठीच्या बातम्या लागत आणि त्यानंतर प्रादेशिक भाषेतला पुरस्कार मिळालेला सिनेमा. आज आसामी, पुढच्या रविवारी मल्याळी, मग बंगाली. मराठीची पाळी यायची तेव्हा शनिवारपासून निरोप जात. दुपारी आमच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं बसत. शेजारचे गुप्ताजी खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचून आपल्या आईला हिंदीत सांगत. जेवणं आटोपून, सतरंजी अंथरून, वीज जाऊ नये म्हणून देवाला हात जोडून सिनेमा बघायचा. टॉकीजमध्ये माणूस गप्प बसतो. घरी प्रत्येक जण बोलतो. मराठी सिनेमाबद्दल मी जे काही शिकलो ते या बोलण्यातून.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. तिने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' काढला, तो पहिला मराठी बोलपट. पण आमच्या घरात प्रभात म्हणजे 'संत तुकाराम'. दामले-फत्तेलाल यांचा हा १९३६ चा सिनेमा पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले आणि लोकांना तुकोबांचा तोच चेहरा पटला. आजीला मात्र पागनीसांपेक्षा जिजाई जास्त आवडायची. हे काम गौरी नावाच्या नटीने केलं. ती प्रभातमध्ये साधी कामगार म्हणून आलेली बाई. मूल आजारी पडल्यावर ती पायातली वहाण हातात घेऊन थेट पांडुरंगाला जाब विचारायला निघते, तेव्हा आजी पुढे सरकून बसायची. "देवाशी असं बोलायला घरात दोन वेळची चूल पेटवलेली बाईच पाहिजे," असं ती म्हणे. मोठा झाल्यावर या सिनेमावरचे बरेच लेख वाचले. आजीच्या या वाक्याइतकं नेमकं मला त्यांत काही सापडलं नाही. तुकोबा विमानात बसून जातात, तो भाग आज मुलांना हसू आणतो. जिजाई मात्र नव्वद वर्षांनंतरही खरी वाटते, कारण तिला घर चालवायचं आहे.

याच सिनेमातला एक अभंग आजी रामबागेतल्या भजनात तुकोबांचा म्हणून गात असे. तो तुकोबांचा नाही. शांताराम आठवले यांनी तो सिनेमासाठी लिहिला. कॉलेजात असताना मी हे कुठेतरी वाचलं आणि मोठ्या उत्साहाने तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग आठवल्यांना नमस्कार सांग." आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा तसाच गायली.

आता 'कुंकू'बद्दल. खरं तर हा लेख लिहायला बसलो तो त्यासाठीच.

व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' १९३७ चा. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो बेतलेला आहे. हिंदीत हाच सिनेमा 'दुनिया न माने' या नावाने निघाला. नीरा या तरुण मुलीला फसवून एका म्हाताऱ्या बिजवराच्या, काकासाहेब वकिलांच्या गळ्यात बांधतात. ती त्यांच्या घरात राहते, पण हे लग्न मानायला ठाम नकार देते. नीरा झाल्या शांता आपटे आणि काकासाहेब झाले केशवराव दाते. या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, दाराचा आवाज, भांडी, रस्त्यावरचा गोंगाट, एवढ्यावरच सारं उभं केलं आहे. भिंतीवरचं घड्याळ तर काकासाहेबांच्या वयाचं साक्षीदार होऊन बसतं. त्यांची कर्ती मुलगी झाल्या शकुंतला परांजपे. पुढे कुटुंबनियोजनाचं मोठं काम केलं त्याच या शकुंतलाबाई. म्हणजे पडद्यावर ज्या समाजसेविका होत्या त्या पडद्याबाहेरही होत्या.

१९९१ च्या सुमारास बाबा एका लग्नाला पुण्याला गेले आणि येताना 'कुंकू'ची कॅसेट घेऊन आले. व्हीसीआर भाड्याने आणला, एका रात्रीचा. मी तेव्हा बारा वर्षांचा. आजी नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून बसली होती. सिनेमा सुरू झाला आणि नेहमी प्रत्येक प्रसंगावर बोलणारी आजी एक शब्दही बोलेना. आईने दोनदा विचारलं, "बरं वाटत नाही का?" तिने मान हलवली. शेवटी काकासाहेबांना आपली चूक उमजते आणि ते जीव देतात. सिनेमा संपला, बाबांनी कॅसेट काढली, आणि आजीने विचारलं, "हा कधीचा रे?"

बाबांनी डबीवरचं वाचून सांगितलं, "सदतीस सालचा."

"त्याच वर्षी माझं लग्न झालं," आजी म्हणाली.

हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण असं कोणी म्हटलं नव्हतं. आजी पंधराची होती. आजोबा छत्तीसचे, होळकर दरबारच्या नोकरीत, पहिली बायको वारलेली, पदरात दोन मुलं. आमचे मोठे काका आणि आत्या ही ती दोन मुलं. आजीने त्यांना आपल्या मुलांसारखंच वाढवलं. आत्याचं बाळंतपण तिनेच केलं. आजोबांबद्दल वावगा शब्द आम्ही तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता आणि त्या रात्रीही ऐकला नाही. ती एवढंच म्हणाली, "तुमचे आजोबा वाईट नव्हते. पण ती पोर बोलली म्हणून त्या वकिलाला कळलं. न बोलणारीचं कुणाला कळणार?"

मग ती उठली, देवघरातला दिवा सारखा केला आणि झोपायला गेली. बाबा बराच वेळ व्हीसीआरच्या वायरी गुंडाळत बसले.

'कुंकू' थोर सिनेमा आहे असं सगळेच म्हणतात. मला तो थोर वाटतो तो त्या रात्रीमुळे. १९३७ मध्ये तो इंदुरात लागला असता तरी पंधरा वर्षांच्या नव्या सुनेला टॉकीजला कोण नेणार होतं? ज्या बायकांबद्दल हा सिनेमा होता, त्यांतल्या कितीतरी जणी तेव्हा घरातच होत्या. त्यांच्यापर्यंत तो पोहोचायला चोपन्न वर्षं लागली, आणि पोहोचला तो टीव्हीवरून. सिनेमा मोठ्या पडद्यावरच पाहावा असं जाणकार म्हणतात. चित्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण आजी टॉकीजमध्ये हे वाक्य बोलली नसती.

शांतारामांचाच 'शेजारी' (१९४१) मी नोकरीला लागल्यावर पाहिला. गावातले दोन जिवलग शेजारी, एक हिंदू आणि एक मुसलमान. गावाच्या जमिनीवर डोळा असलेला धरणवाला कंत्राटी कारखानदार त्यांच्यात वितुष्ट आणतो. शेवटी धरण फुटतं आणि त्या पाण्यात दोघे मित्र पुन्हा एक होतात, मरताना. मराठीत जिवबा केशवराव दाते आणि मिर्झा गजानन जागीरदार. हिंदी 'पडोसी'त मात्र हिंदू शेजारी मजहर खान झाले आणि मिर्झा जागीरदारच. म्हणजे मुसलमान नट हिंदू आणि हिंदू नट मुसलमान. फाळणीच्या सहा वर्षं आधीची ही गोष्ट.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा डिप्लोमा नुकताच झाला होता. मी घरात सगळ्यांना धरण असं फुटत नाही, हे समजावत बसलो. आईने ते ऐकून घेतलं. पुढे एका छोट्या सिंचन योजनेच्या कामावर माझी नेमणूक झाली आणि बुडीत क्षेत्राची मोजणी माझ्याकडे आली. आमच्या खात्यात त्याला 'डूब' म्हणतात. मुआवजा कोणाला किती मिळणार याची यादी गावात पोहोचली आणि महिनाभरात बांधाला बांध असलेली घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली. कोणाची विहीर यादीत धरली, कोणाची राहिली, यावरून. मी ज्या ओट्यावर बसून चहा घेत असे, तिथे शेजारचा म्हातारा येईनासा झाला. तेव्हा मला 'शेजारी' पुन्हा आठवला. धरण कसं फुटतं यात शांताराम चुकले असतील. पण गाव कसं फुटतं हे त्यांना बरोबर कळलं होतं. गाव पाण्याच्या आधी फुटतं.

आता थोडं आपल्या मराठीबद्दल. सुट्टीत पुण्याला गेलो की मामेभाऊ माझ्या बोलण्यावर हसायचे. "मी येऊन राहिलोय" म्हटलं की झालं, दिवसभर तेच. त्यांच्यापैकी एकाने एकदा म्हटलं, "तुम्हाला मराठी सिनेमे आमच्याकडून उसने न्यावे लागतात." लहानपणी हे फार लागलं. उत्तर मिळालं ते बऱ्याच वर्षांनी.

आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' (१९५३) आपण सगळ्यांनी पाहिला आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक याच सिनेमाला मिळालं. आमच्याकडे तो लागला की बाबा चष्मा पुसायला बाहेर जात आणि चष्मा कोरडाच असे. त्यातली आई कोकणातली, गरीब ब्राह्मणाघरची, आणि मराठी मनात तीच आई कायमची बसली. ती भूमिका करणाऱ्या वनमालाबाई या आपल्याकडच्या. उज्जैनला जन्म आणि शिक्षण ग्वाल्हेरला. माहेरचं आडनाव पवार आणि वडील शिंद्यांच्या संस्थानात मोठ्या हुद्द्यावर. सोहराब मोदींच्या 'सिकंदर' (१९४१) मधली रुखसाना त्याच. त्या २००७ मध्ये ग्वाल्हेरलाच वारल्या. मी तेव्हा कामानिमित्त तिकडे होतो आणि वर्तमानपत्रात ही बातमी वाचून थक्क झालो. साऱ्या महाराष्ट्राला रडवणारी आई माळव्यात जन्मलेली होती! त्या संध्याकाळी मामेभावाला फोन केला. तोही थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मग उसने आम्ही घेतले होते म्हणायचे."

हे अभिमानाने मिरवावं म्हणून सांगत नाही. 'श्यामची आई' परत पाहिला की त्यातलं रडं मला आज थोडं जास्त वाटतं. पण वनमालाबाईंच्या आईत मायेबरोबर जरब आहे, आणि ती जरब नसती तर सिनेमा नुसता अश्रूंचा झाला असता. लतादीदी १९२९ मध्ये इंदुरात जन्मल्या हे आपण सगळे सांगतो. त्यांनी 'आनंदघन' या नावाने भालजी पेंढारकरांच्या 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) आणि 'साधी माणसं' (१९६५) या सिनेमांना संगीत दिलं, हे मात्र मुलांना सांगायचं राहून जातं.

टीव्हीचीही अशीच गंमत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि त्या दशकाच्या अखेरीस त्यावर 'चिमणराव गुंड्याभाऊ' ही मालिका गाजली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. दादरची आत्या सुट्टीला आली की त्यातले प्रसंग करून दाखवायची, असं आई सांगते. आम्हाला ती मालिका आत्यापुरतीच दिसली. चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी यांनी नोकरीची बरीच वर्षं बडोद्यात काढली. तिथल्या कॉलेजात ते पाली शिकवत. म्हणजे बडोद्यात बसून लिहिलेला चिमणराव मुंबईच्या टीव्हीवर आला आणि बडोद्याच्या मराठी घरांना तो दिसेना, कारण मुंबई केंद्राचं चित्र तिथवर पोहोचत नव्हतं. त्या काळी टेप महाग असत, एकीवरच दुसरा कार्यक्रम घेतला जाई. त्यामुळे दूरदर्शनचे कितीतरी जुने कार्यक्रम पुसले गेले. प्रभातचे सिनेमे १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपले. टीव्हीच्या वाट्याला ते भाग्य तितकं आलं नाही.

आम्हाला आमचा चिमणराव १९८८ मध्ये मिळाला, तो हिंदीत. 'वागले की दुनिया'. आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस, दिग्दर्शक कुंदन शाह, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. ही मालिका काढली दुर्गा खोटे यांच्या संस्थेने. 'अयोध्येचा राजा'तल्या तारामती त्या ह्याच! पहिल्या मराठी बोलपटापासून दूरदर्शनच्या मालिकेपर्यंत एका बाईने छप्पन्न वर्षांचा पूल बांधला. वागळे मराठी कारकून, पण बोलतो हिंदी. पुण्याच्या भावंडांना ते खटकायचं. आम्हाला मुळीच खटकलं नाही. आमचे बाबाही कचेरीत दिवसभर हिंदीच बोलत आणि घरी चप्पल काढता काढता मराठीत येत.

पुढे १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठी आलं, मग आणखी वाहिन्या, आणि आता फोन. कुठलाही जुना सिनेमा कुठेही दिसतो. अँटेना फिरवावा लागत नाही. पण सतरंजी गेली. प्रत्येक जण कानात वायर घालून आपापलं पाहतो आणि पाहून झाल्यावर कोणी काही म्हणत नाही.

या उन्हाळ्यात माझी मुलगी फोनवर 'कुंकू' पाहत होती. शाळेच्या कुठल्याशा प्रकल्पासाठी. मध्येच थांबवून तिने विचारलं, "बाबा, बिजवर म्हणजे काय?" मी अर्थ सांगितला आणि मग तिच्या पणजीची गोष्ट सांगितली. मुलगी पंधरा वर्षांची आहे. ती म्हणाली, "पंधरा? म्हणजे माझ्याएवढी?" तिने फोन बाजूला ठेवला. मग आम्ही तो सिनेमा टीव्हीला जोडला आणि पहिल्यापासून पाहिला, सगळ्यांनी मिळून. माझी आई, जी आजीची सून, तिने त्या रात्रीची आणखी एक गोष्ट सांगितली. ती मलाही माहीत नव्हती. आजी दुसऱ्या दिवशी पहाटे कॅसेट परत देऊ नका म्हणाली होती. कॅसेट भाड्याची नाही, विकतची आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

आपल्या मंडळाला माझी एक विनंती आहे. उत्सवाच्या दहा दिवसांत गाण्यांच्या आणि नृत्याच्या कार्यक्रमांबरोबर एक संध्याकाळ जुन्या सिनेमासाठी ठेवावी. चादर पुन्हा बांधावी. 'कुंकू' असेल, 'शेजारी' असेल, पु. लं.चा 'गुळाचा गणपती' (१९५३) तर या दिवसांत शोभूनच दिसेल. पुढच्या खुर्च्यांवर ऐंशीच्या घरातल्या आजी-आजोबांना बसवावं आणि शेजारी मुलांना. सिनेमा चालू असताना बोलू नका, अशी सूचना मात्र माइकवरून कृपा करून देऊ नये.